बारकीच्या डोक्यावरची फळं

झोळीमागे बारकीचं पोट लपतं, हे पहिल्यांदा आईच्या लक्षात आलं. सफरचंद तोडणाऱ्याची झोळी गळ्यात अडकवून पोटासमोर बांधतात. जाड कापडाची, खालून उघडणारी. ती भरली की बाई काय आणि बाप्या काय, सगळेच दिवस गेल्यासारखे दिसतात. आईने बारकीला समोर उभं केलं, झोळीचे पट्टे जरा सैल केले, लांब जाऊन डोळे बारीक करून पाहिलं.

"चालतंय," ती म्हणाली. "फक्त रिकामी झोळी घेऊन कुणापुढे उभी राहू नकोस."

बारकी म्हणजे माझी भावजय, धाकट्याची बायको. लग्नात ती इतकी काटकुळी होती की माझ्या मावशीने तिला बारकी म्हटलं आणि तेच चिकटलं. आता तिला खोलीच्या दारातून तिरकं व्हावं लागत होतं, तरी ती बारकीच होती. मी एकदा चेष्टेने म्हणाले, "तुझं नाव बदलायला हवं बाई," तर ती तोंडावर हात ठेवून हसली आणि मग एकदम गप्प झाली. हसायचीसुद्धा तिला भीती वाटायची त्या दिवसांत.

लपवायचं कशासाठी? लग्नाच्या बाईला मूल होणार होतं, चोरी नव्हती केली कुणी. पण आम्ही पलीकडचे. घाटाच्या पलीकडून हंगामापुरते या खोऱ्यात येतो, मालकाच्या बागेत फळ तोडतो, पेट्या ठेवायच्या शेडमागे पत्र्याच्या खोल्यांत राहतो आणि हंगाम संपला की ट्रकात बसून परत जातो. माझे वडील यायचे, त्यांचे वडील यायचे, तरी आम्ही पलीकडचेच. कायदा असा की जो इकडे जन्मला तो इकडचा. त्याला इकडचा दवाखाना, इकडची शाळा, सगळं. म्हणून आमचं मूल इकडे जन्मूच द्यायचं नाही. पोटुशी बाई दिसली की तिला ट्रकात घालून घाट पार करायची. मालक याला काळजी म्हणायचा. "अशा अवस्थेत बाईने काम करू नये," असं साळसूद तोंडाने सांगायचा.

मागच्या हंगामात बारकीला त्याच काळजीने ट्रकात घातलं होतं. सोबत आई आणि धाकटा होते. घाटाच्या माथ्यावर, ताडपत्रीखाली, सडक्या फळांच्या पेट्यांमध्ये ती बाळंत झाली. पोर रडलं होतं. चांगलं खणखणीत रडलं होतं, आई अजून सांगते. माथ्यावरचा वारा ताडपत्रीच्या भोकांतून आत शिरत होता आणि ड्रायव्हरला मध्ये कुठेही थांबायचं नाही अशी ताकीद होती. धाकटा केबिनच्या काचेवर मुठी आपटत राहिला. खाली उतरले तेव्हा आईच्या शालीत जे होतं ते थंड पडलं होतं.

आमच्या वस्तीत दवाखाना नाही. एक सुईण होती, ती वारली. तेव्हा आईने ठरवलं होतं, या वेळी काही झालं तरी बारकीला ट्रकात चढू द्यायचं नाही. कळा सुरू होईपर्यंत लपवायचं आणि सुरू झाल्या की तडक गावातल्या दवाखान्याच्या दारात जाऊन बसायचं. कळा देणाऱ्या बाईला कोण उचलून फेकतंय, असं तिला वाटत होतं. आईचा माणसांवर अजून एवढा विश्वास होता.

यंदा गावाचं डोकंही ठिकाणावर नव्हतं. मोहर फुलला तेव्हा असा कडाका पडला की निम्मी बाग करपली. फळ कमी म्हणून काम कमी. थंडीवर राग काढता येत नाही, आमच्यावर काढता येतो. दूध आणायला गेले की दुकानदार मला मागच्या खिडकीशी उभं करायचा. समोरच्या दारातून आम्ही आत यायचं नाही असा तिथला रिवाज. पुढचं सगळं गिऱ्हाईक संपेपर्यंत तो माझ्याकडे बघायचाही नाही. एकदा म्हणाला, "तुमच्यातली ती लहानखुरी बाई बरीच सुटलीय. इकडचं पाणी मानवलेलं दिसतंय."

पुढच्या दारात उभी असलेली माणसं हसली. मीही हसले, दात काढून, त्यांना हवी तशी. दुधाची किटली उचलली आणि रस्त्याच्या कडेकडेने परत आले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो. त्यांच्या नाही, माझ्या.

काम चालू होतं. पहाटेच्या दवाने फळं इतकी गार असायची की बोटं बधिर व्हायची. फळ ओढायचं नाही, तळव्यावर घेऊन जरा वर उचलायचं, देठासकट सुटून येतं. बायका खालच्या फांद्या तोडतात, बाप्ये तीन पायांच्या शिडीवर चढून शेंडे. बारकी मधल्या ओळीत असायची. तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आई. तिची झोळी आम्ही वरवर भरायचो, खाली गवत कोंबून. कंबर धरली की ती झाडाच्या बुंध्याला पाठ टेकायची आणि डोळे मिटून श्वास सोडायची.

"वन्सं, आज फार लाथा मारतंय."

"मारू दे. कुणाला मारायच्या ते मोठं झालं की शिकवू."

आता आमच्यातली एक रीत सांगायला हवी. पोटुशी बाईच्या डोक्यावर कुणी चढत नाही. छप्पर असो, माळा असो, शिडी असो. ती खाली असेल तर वर पाऊल ठेवायचं नाही. का, ते मला विचारू नका. आमच्या हाडात ती गोष्ट आहे, उंबऱ्यावर आपोआप पाय उचलावा तशी. आम्ही टोळीत कुणाला सांगितलं नव्हतं, पण बायकांच्या नजरेतून कुठे काय सुटतं? बायकांना कळलं, मग त्यांच्या नवऱ्यांना. तोंडाने कुणी चकार शब्द काढला नाही. फक्त बारकी ज्या झाडाखाली उभी असेल तिथे कुणी शिडी लावेना. शिडीवाला पुढच्या झाडाला जायचा. ती सरकली की मागे येऊन शेंडा तोडू, असं प्रत्येकाच्या मनात असणार, पण पेट्या उचलणारा ट्रॅक्टर टोळीला पुढे ढकलत राहायचा. मागे यायला सवड कुणाला?

खालून आम्हाला ते दिसलंच नाही. वरच्या रस्त्यावरून मात्र साफ दिसत होतं. तोडून झालेली बाग सगळी हिरवी आणि मधल्या एका ओळीचे शेंडे लालेलाल, फळांसकट तसेच. बारकी जिथून जिथून गेली होती तिथे तिथे आम्हीच खूण करून ठेवली होती. तिला जपायला गेलो आणि तिलाच उघडं पाडलं.

मालकाची जीप दुपारी ओळीच्या तोंडाशी येऊन थांबली. मुकादम धावत गेला. मुकादम म्हणजे माझा दीर, माझ्या गेलेल्या नवऱ्याचा भाऊ. आमच्यातलाच, पण डोक्यावर मालकाने दिलेली टोपी.

"हे शेंडे कुणी सोडले?" मालकाने विचारलं.

"वारा होता मालक, शिड्या हलत होत्या. उद्या उरकून घेतो."

"वारा एकाच ओळीत होता का?"

दिराला सगळं माहीत होतं, आमच्याच रीतींत वाढलेला तो. मालक ओळीतून चालत आला. प्रत्येक झाडाकडे बघत, वर, मग खाली. बारकीच्या झाडापाशी थांबला. धाकटा शेजारच्याच शिडीवर होता.

"ए, तू. उतर. ही शिडी इकडे लाव आणि चढ."

धाकट्याने शिडी आणली. बारकीच्या झाडाला लावली. एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला. सगळी टोळी थांबली होती, झोळ्या पोटाशी धरून. खाली बायको, पोटात पोर, आणि नवऱ्याला सांगतायत तिच्या डोक्यावर चढ.

"बारके, तू बाजूला हो," तो पुटपुटला.

"कुणी हलायचं नाही," मालक म्हणाला. "चढ."

धाकट्याने पाय खाली घेतला.

मालकाला आमच्या रीती ठाऊक नव्हत्या, पण मूर्ख नव्हता तो. त्याने दिराकडे बघितलं. "तू सांगतोस का अख्खी टोळी आजच ट्रकात घालू?"

दिराने टोपी काढली, परत घातली. "पोटुशी आहे ती," तो म्हणाला. जमिनीकडे बघून म्हणाला.

"झोळी सोड," मालक बारकीला म्हणाला.

तिने बोटं मागे नेली. गाठ सुटेना. मी पुढे झाले तर मालकाने हात आडवा केला. शेवटी झोळी गळून पडली, गवत बाहेर आलं, थोडी फळं घरंगळत मालकाच्या बुटापाशी गेली. बारकीने दोन्ही हात पोटावर ठेवले. एवढ्या पुरुषांसमोर तिला असं उभं केलं होतं, बाजारातल्या जनावरासारखं.

"सकाळी ट्रक लावतो," मालक म्हणाला. "बाई, तुझ्याच भल्यासाठी आहे हे."

संध्याकाळी दीर आमच्या खोलीच्या दारात आला. आई चुलीपुढे बटाटे सोलत होती. तिने त्याला आत ये म्हटलं नाही.

"वहिनी, मी काय करणार होतो? सगळ्यांचं काम गेलं असतं."

"तुम्ही काहीच केलं नाहीत भावजी," मी म्हणाले. "तेच म्हणतेय मी."

"गुपचूप बसा ट्रकात. घोंगड्या देतो जास्तीच्या."

धाकटा उठला. मला वाटलं मारतोय. पण तो नुसता दिराच्या समोर जाऊन उभा राहिला. "मागच्या वेळी पण घोंगडी होती," तो म्हणाला.

आईने सुरी खाली ठेवली. "माझी आजी कुठे जन्मली माहीत आहे तुला? पॅकिंगची शेड आहे ना, तिथे. तेव्हा शेड नव्हती, बागही नव्हती. आमची घरं होती, गुरं होती. एके दिवशी बंदूकवाले आले आणि म्हणाले, घाटाच्या पलीकडे व्हा. झालो. मग त्यांनीच आम्हाला नाव दिलं, पलीकडचे! जा, सांग तुझ्या मालकाला, माझी सून ट्रकात बसणार नाही."

पत्र्याच्या भिंती त्या. या खोलीतला शब्द त्या खोलीत ऐकू जातो. सगळ्या टोळीने ऐकला.

सकाळी ट्रक उभा होता, मागची फळी पाडून. बारकी खोलीतून निघाली, ट्रकासमोरून गेली आणि फाटकाजवळच्या पहिल्या झाडाखाली जाऊन बसली. पाय पसरून, बुंध्याला टेकून. आई तिच्या एका बाजूला बसली, मी दुसऱ्या. कुणी काही ठरवलं नव्हतं. टोळी शिड्या घेऊन आली, आम्हाला बघितलं आणि शिड्या आडव्या टाकल्या. त्या झाडाला नाही आणि कुठल्याच झाडाला नाही. ती बागेत बसलीय तोवर कुणी वर चढणार नाही. कडाका आठवड्यावर आला होता आणि फळ झाडावर होतं.

मालक आधी हसला, मग ओरडला. मग जीप घेऊन गावात गेला आणि आमच्यामुळे आपल्याला काम मिळत नाही म्हणणारे बाप्ये भरून आणले. ट्रकाशिवाय आमच्यातलं कुणी बाहेर पडू नये म्हणून फाटकाला साखळी घालून कुलूप लावलं, किल्ली दिराकडे. आणि पहिली शिडी लावायला सांगितली ती बारकीच्याच झाडाला.

ते चढले. हसत चढले. वरून एकाने विचारलं, "काय गं, डोळा लागला का?" फांद्या हलत होत्या, पानं गळत होती. फळ हातातून निसटून खाली पडायचं, तिच्या मांडीशेजारी, पायाशी. एक तिच्या खांद्यावर आदळलं. ती हलली नाही. आई उभी राहिली आणि तिच्या डोक्यावर शाल धरून राहिली, दोन्ही हात वर करून, हात भरून आले तरी. आमची माणसं बघत होती. म्हातारे बाप्ये तोंड फिरवून रडत होते. देवळात कुणी बूट घालून नाचावं, तसं होतं ते आमच्यासाठी.

ऊन चढलं तेव्हा बारकीने माझं मनगट धरलं.

"वन्सं. आल्या."

मी धाकट्याला हाक मारली. दोघांनी तिला उठवलं, फाटकाकडे नेलं. मालक मध्ये उभा. "दवाखान्यात न्यायचंय," मी म्हणाले. "कळा सुरू झाल्यात."

"ट्रक आहे ना. ट्रकात घाला."

"अहो, दवाखाना त्या वळणावर आहे! दिसतोय इथून!"

"ट्रकात."

मी हात जोडले. हो, जोडले. बारकीसाठी मी त्याचे पायही धरले असते, पण तेवढा वेळच तिने दिला नाही. तिथेच ती गुडघ्यांवर बसली. आम्ही तिला झाडापर्यंतही नेऊ शकलो नाही. बायकांनी भोवती कडं केलं, शाली, घोंगड्या, जे हाताला लागलं ते धरून. ती ओरडली. एवढं तिला आयुष्यात कधी कुणी ओरडताना ऐकलं नव्हतं. शिड्यांवरचं हसणं थांबलं. मग एकेक बाप्या खाली उतरला आणि पाठ करून उभा राहिला. त्यातल्या कुणीही पुढे होऊन ते कुलूप काढा म्हटलं नाही. लाज वाटली असेल त्यांना. त्या लाजेचा आम्हाला काय उपयोग?

मुलगी झाली. आईने तिला पालथी धरून पाठीवर थोपटलं आणि ती रडली. धाकटा कड्याबाहेर होता. रडणं ऐकलं तसा तो मट्‌कन खाली बसला आणि दोन्ही कानांवर हात दाबून घेतले. मागचं रडणं ऐकू येत होतं त्याला.

बारकीचं रक्त थांबत नव्हतं. मालक कड्याच्या बाहेरून बोलला, अगदी हलक्या आवाजात, "आता उचला लवकर. ट्रकात घाला. घाटात झालं म्हणायचं. कुणी विचारलं तर घाटात झालं."

साखळीचा आवाज झाला. मी वळून बघितलं. दीर कुलूप काढत होता. मालकाने त्याला शिवी दिली, त्याने ऐकलं न ऐकलंसं करून फाटक ढकललं. त्याला मी अजून माफ केलेलं नाही, पण फाटक त्याने उघडलं, हे सांगायला हवं.

आम्ही एक शिडी आडवी केली, घोंगड्या टाकल्या, बारकीला त्यावर झोपवलं, छातीशी मुलगी. टोळीतल्या बाप्यांनी शिडी खांद्यावर घेतली, पुढे धाकटा. आणि गावातल्या मोठ्या रस्त्याने, मधून, भर दुपारी निघालो. दुकानदार दारात आला. खिडक्यांमागे माणसं दिसली. मी ओरडत चालले होते.

"बघा! नीट बघून घ्या! बागेत झालीय. घाटात नाही, बागेत! उद्या कुणी विचारलं तर बघितलं नाही म्हणू नका!"

दवाखान्याच्या दारात नर्सबाई उभी होती. गोरीगोमटी, शांत, धुतलेल्या कपड्यांतली. तिच्या पाठीमागे मला पांढरी चादर घातलेली खाट दिसत होती. रिकामी.

"इथे फक्त इकडच्यांना घेता येतं," ती म्हणाली.

"ही इकडचीच आहे," मी मुलगी दाखवली. "तुमच्याच कायद्याने. अख्ख्या गावाने बघितलंय."

तिने मुलीकडे बघितलं, नाळेकडे बघितलं. मग हात पुढे केले. "बरोबर आहे. हिला द्या आत. आईला नाही घेता येणार. आई पलीकडची आहे."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणते. मग कळलं. पोरगी त्यांची, आई परकी! आम्ही इतके धडपडत आलो होतो ते आमच्याच हाताने लेकरू यांच्या ओंजळीत टाकायला.

"द्या ना," नर्सबाई म्हणाली. "थंडी आहे."

शिडीवरून बारकी बोलली. दुकानात, बागेत, मालकापुढे जिने कधी तोंड उघडलं नव्हतं, ती. "हात खाली करा."

नर्सबाईने हात खाली घेतले.

"मला इथे उतरवा," बारकी धाकट्याला म्हणाली. आम्ही तिला दवाखान्याच्या पायरीवर उतरवलं. ती भिंतीला टेकून बसली आणि सगळ्या रस्त्यादेखत मुलीला पाजायला घेतलं. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. टोळी तिच्याभोवती रस्त्यावरच बसली. मालकाची जीप मागे येऊन थांबली, हॉर्न वाजवत राहिली, कुणी उठलं नाही.

नर्सबाई आत गेली. बऱ्याच वेळाने गरम पाण्याचं घमेलं, कापूस आणि सुई घेऊन बाहेर आली. पलीकडच्यांना आत घ्यायची मनाई होती, बाहेर कुणाला हात लावायची नव्हती. पायरीवर गुडघे टेकून तिने रक्त थांबवलं. काम चांगलं केलं, खोटं कशाला बोलू? बारकी वाचली. मुलगीही वाचली.

सगळं झाल्यावर ती हात पुसत उभी राहिली आणि माझ्याकडे बघत थांबली. आभाराची वाट बघत होती. वारा सुटला होता, पायरीवर बारकीचे दात वाजत होते, आणि आत चार पावलांवर ती खाट अजून रिकामीच होती. मी आभार मानले नाहीत.